सोपान गँगमनची प्रदर्शनं

सोपान भिंगारदिवे चार वेळा दिल्लीला गेला आणि त्यानं लाल किल्ला पाहिला नाही. भोपाळला तीनदा गेला, तळं पाहिलं नाही. बडोद्याला गेला, मद्रासला गेला, कलकत्त्याला गेला. प्रत्येक शहरात तो स्टेशनवरून सरळ चित्रांच्या प्रदर्शनात जायचा आणि प्रदर्शनातून सरळ स्टेशनवर यायचा.

तो श्रीरामपूरला रेल्वेत गँगमन होता. सब्बल, घण, खडीचं फावडं, हे त्याचं रोजचं सामान. सकाळी सातला गँगबरोबर रुळावर जायचा आणि उन्हं उतरल्यावर घरी यायचा. रेल्वेच्या माणसाला वर्षाकाठी ठरावीक पास मिळतात. घरच्यांसकट देशात कुठंही फुकट जाता येतं. गँगमधले बाकीचे लोक तिरुपतीला, काशीला जात. सोपानच्या वस्तीतले नागपूरला जात, बुद्धगयेला जात. सोपान प्रदर्शनाला जायचा.

गँगमध्ये गोरक्ष म्हणून त्याचा जोडीदार होता. रुळाच्या एका बाजूला गोरक्ष, एका बाजूला सोपान. गोरक्ष त्याला रोज टोचायचा.

"तिरुपतीला गेला असतास तर लाडू तरी आनला असतास. दुसऱ्याची भिताडं बघून काय आनतो तू?"

सोपान रागवायचा नाही. बघून आला की दुपारच्या सुट्टीत गोरक्षलाच सगळं सांगायचा. गोरक्ष भाकरी खात ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "म्हंजे कायबी न्हाई."

माझी त्याची ओळख नगरपालिकेच्या वाचनालयात झाली. साल त्र्याण्णव. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरीच्या जाहिराती वाचत होतो. रविवार होता. अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून एक माणूस आला. त्यानं मुंबईचं इंग्रजी वर्तमानपत्र माझ्यापुढं ठेवलं. आतल्या पानावरच्या एका बारीक चौकटीवर बोट ठेवलं. बोट घट्ट्यांनी कडक झालेलं होतं.

चित्रांचं काय लिहिलंय ते वाचून दाखवा, म्हणाला. मी वाचलं. कुठल्या कलादालनात कोणाचं प्रदर्शन, किती तारखेपर्यंत. त्यानं तारखा पाठ केल्या. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. मग दर रविवारी. मला तो 'बीए' म्हणू लागला. मी त्याला दादा म्हणू लागलो.

दोन महिन्यांनी मी विचारलं, तेव्हा त्यानं कारण सांगितलं. आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. त्यानं अगदी साध्या आवाजात सांगितलं. कोणी पत्ता सांगावा तसं.

त्याचं मूळ गाव पाथर्डीकडं. बहात्तरच्या दुष्काळात त्याची आई बनाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिची धाकटी बहीण दगडाबाईही तिथंच होती. सोपान दहा वर्षांचा. एक दिवस कामावर जीप आली. जीपमधून दाढीवाला एक माणूस उतरला. त्याच्याकडं रंग होते, चित्र टेकवायची लाकडाची घोडी होती. त्यानं मुकादमाला विचारलं आणि एका बाईला समोर बसवून तिचं चित्र काढलं. अर्धा दिवस काढत होता. मग जीप गेली.

पुढच्या आखाडात बनाबाई तापानं गेली.

"तिचा फोटो न्हाई," सोपान म्हणाला. "एक बी न्हाई. कुनी काढनार? चित्र काढलं तेवा मी तितंच हुतो. सगळं ध्येनात हाय. ती बसलेली. मागं खडीचा ढीग. त्या मान्साचा हात वर-खाली व्हतोय. तिच्या लुगड्याला खांद्यावर हिरवं ठिगळ हुतं, ते बी दिसतं. तोंड तेवढं दिसत न्हाई. निस्तं उजेड पडल्यावानी व्हतं."

मग तो माझ्याकडं वळून म्हणाला,

"आख्ख्या देशात तिचं तोंड एकाच जागी हाय, बीए. त्या चित्रात."

चित्रकाराचं नाव त्याला माहीत नव्हतं. चित्र कुठं आहे, आहे की फाटलं, हेही माहीत नव्हतं. त्याचा हिशेब सरळ होता. चित्रकार लोक प्रदर्शन मांडतात. मांडलं की चित्र भिंतीवर लागतं. लागलं की दिसतं. म्हणून नोकरी लागल्यापासून तो भिंती बघत हिंडत होता. चौऱ्याऐंशी सालापासून. मी भेटलो तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

मला वाटलं, याला कोणीतरी सांगायला हवं की असं चित्र सापडत नसतं. मी सांगितलं नाही.

त्यानं मला एकच अट घातली होती. मावशीला हे कळता कामा नये. आई गेल्यावर दगडाबाईनंच त्याला वाढवलं. स्वतःचं लग्न मोडून माहेरी राहिलेली बाई. तिनं त्याला दहावीपर्यंत शिकवलं, रेल्वेच्या भरतीला पाठवलं. ती अजून गावाकडंच राहायची, चार शेळ्या राखायची. सोपान एवढी गावं हिंडतो ते रेल्वेच्या कामानं, असं तिला वाटायचं.

"तिला वाटंल, मी येवढं केलं तरी पोराला आईच पायजे," तो म्हणाला. "तिचं मन मोडंल."

हे मला पटलं होतं.

प्रदर्शनं बघून बघून सोपान तयार झाला होता. सुरुवातीला तो फक्त बायकांची चित्रं शोधायचा. चित्रात बाई नसली की पुढं सरकायचा. पण एवढ्या लांबून आलोच आहे तर, म्हणून बाकीचीही बघू लागला. मग त्याला मतं झाली. बडोद्याचं प्रदर्शन बघण्यासारखं, कारण मांडणारी शिकणारी पोरं आहेत आणि ती घाबरत नाहीत. भोपाळला जंगलातल्या माणसांची चित्रं आणि शहरातल्यांची चित्रं एकाच इमारतीत. आधी जंगलातली बघायची, नाहीतर नंतर डोळा बसत नाही. कलकत्त्याला चित्रं अंधारात टांगतात. पुण्याला लोक चित्रांपेक्षा एकमेकांकडं जास्त बघतात. मुंबईला कोणी काही विचारत नाही, हे चांगलं; पण कोणी काही सांगतही नाही.

मी श्रीरामपूरच्या बाहेर फारसा गेलो नव्हतो. ही शहरं मला त्याच्याकडून कळली.

एकदा दिल्लीत एका मोठ्या दालनात फरशीवर नुसता खडीचा ढीग होता. भोवती दोरी. हा ढीग म्हणजेच चित्र, असं तिथं लिहिलं होतं. सोपान दोरीखालून आत गेला, एक दगड उचलला, उलटापालटा केला. पहारेकरी ओरडत आला. पाठोपाठ तो ढीग करणारा कलाकारही आला. तरुण होता, मराठी होता. कष्टकऱ्यांच्या घामाबद्दल ढीग आहे, असं त्यानं सोपानला समजावलं.

"ही हातानं फोडलेली न्हाई," सोपान त्याला म्हणाला. "यंत्राची हाय. हातच्या खडीला येक बाजू सपाट राहती. हिला न्हाई."

कलाकाराचा चेहरा पडला म्हणे. त्यानं ठेकेदाराकडून मागवली होती. मग त्यानंच सोपानला चहा पाजला. सोपाननं त्यालाही विचारलं, बहात्तरला पाथर्डीकडं कोणी चित्रकार गेल्याचं माहीत आहे का. तो कलाकार तेव्हा सहा वर्षांचा होता.

हा प्रश्न तो सगळीकडं विचारायचा. बहुतेक लोक हसायचे. काही खांद्यावर हात ठेवायचे. एकदा त्याची बायको मुक्ता हट्टानं बरोबर गेली. दिल्ली बघायची होती तिला. तीन दिवसांत तिनं सात कलादालनं बघितली. आल्यावर वस्तीत सांगत होती, "दिल्लीत नुस्त्या पांढऱ्या भिती हायेत. आन् पानी प्यायचं तर साहेबाला इचारावं लागतं." पण चित्र शोधू नका असं तीही कधी म्हणाली नाही. घरात भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, बाबासाहेबांची होती. दोन्हींच्या शेजारी एक खिळा नुसताच होता. मुक्ता त्या खिळ्याला पिशवीसुद्धा अडकवू द्यायची नाही.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत मी वाचनालयात इंग्रजी चौकट वाचत होतो आणि थांबलो. नृसिंह घोटीकर नावाच्या वृद्ध चित्रकाराचं मुंबईत मोठं प्रदर्शन होतं. चाळीस वर्षांतली निवडक चित्रं. शेवटची ओळ अशी होती की, नगर जिल्ह्यात दुष्काळी कामांवर बहात्तर साली प्रत्यक्ष जागेवर काढलेली काही चित्रं प्रथमच दाखवली जाणार आहेत.

मी ती ओळ दोनदा वाचली. सोपाननं तिसऱ्यांदा वाचायला लावली.

त्या वेळी मी त्याच्याबरोबर गेलो. मनमाडला गाडी बदलून मुंबई. वाटेत तो खिडकीतून रूळ बघत होता. मी मात्र मनात वाक्यं जुळवत होतो. दुसऱ्याच कुणाचं चित्र निघालं तर काय म्हणायचं. निघणारच, याची मला खात्री होती.

कलादालन थंड होतं. पहिल्या दालनात मोठमोठी चित्रं होती, नुसते रंग. सोपान त्यांच्यापुढून सावकाश गेला, घाई केली नाही. आतल्या खोलीच्या दारात त्यानं चपला काढल्या. तिथं कोणी चपला काढत नव्हतं. मग मीही काढल्या.

खोलीत सहा चित्रं होती. समोरच्या भिंतीवर मधोमध एक बाई बसली होती. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर. मागं खडीचा ढीग पिवळाजर्द पेटल्यासारखा. बाई तिशीची असेल. ती सरळ आमच्याकडं बघत होती. विटक्या लाल लुगड्याला उजव्या खांद्यावर हिरवं ठिगळ होतं.

मी चित्राकडं बघू शकलो नाही. मी सोपानकडं बघत राहिलो. त्याचा चेहरा हललाच नाही.

"ही," तो म्हणाला.

एवढंच. खाली पाटीवर लिहिलं होतं : 'शीर्षक नाही. १९७२.'

मी तीन वर्षं साहित्य शिकलो. असा प्रसंग कुठल्या पुस्तकात आला असता तर मी समासात 'अशक्य' लिहिलं असतं. सोपान फरशीवर बसला, चित्रातल्या बाईसारखी मांडी घालून, आणि दालन बंद होईपर्यंत बसून राहिला.

टेबलाशी मनवा नावाची एक मुलगी होती. तिला मी सगळं सांगितलं. ती उभीच राहिली. मग तिनं घोटीकरांच्या घरी फोन लावला. त्यांना दमा होता, ते येऊ शकत नव्हते. त्यांनी सांगितलं, या गृहस्थांना सूचिपत्रक द्या, चित्राचा मोठा फोटोही काढून द्या, आणि माझा पत्ता द्या. मनवानं रिसीव्हर सोपानपुढं धरला. त्यानं मान हलवली. काय बोलू, म्हणाला.

परतीच्या गाडीत त्यानं फोटोची गुंडाळी मांडीवरून खाली ठेवली नाही. मनमाड मागं पडल्यावर एकदाच बोलला.

"मी इसरलो न्हवतो, बीए. बघितल्याबरुबर वळाखलं. तोंड हेच."

पुढच्या पौर्णिमेला सोपाननं कार्यक्रम ठेवला. आईचं चोवीस वर्षांपूर्वी राहून गेलेलं सगळं करायचं होतं त्याला. श्रीरामपूरच्या स्टुडिओत फोटोला सागवानी चौकट करून घेतली. ती त्या खिळ्यावर लागली. पांढरा कपडा टाकून झाकली. दार उघडं ठेवून त्यापुढं गल्लीत मांडव पडला. गँगमधले सगळे आले. गोरक्ष नवी टोपी घालून आला होता आणि तिखट काही बोलत नव्हता. मावशीला निरोप गेला होता की आईच्या नावानं कार्यक्रम आहे, ये. फोटोचं सांगितलं नव्हतं. समोर बघितल्यावर तिला बरं वाटेल, असं सोपानला वाटत होतं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं.

पाथर्डीची एसटी उशिरा लागली. लोक ताटकळले, म्हणून बौद्धाचार्यांनी सुरुवात केली. मेणबत्त्या लागल्या. सोपाननं कपडा काढला. झेंडूचा जाड हार घातला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बाईचं पाणीदार तोंड, ते ऊन, ते ठिगळ. त्रिशरण झालं. पंचशील झालं. सगळे हात जोडून उभे होते, तेव्हा दगडाबाई आली.

पन्नाशी उलटलेली किडकिडीत बाई. तोंडात दात नाहीत, गाल आत गेलेले. बगलेत गाठोडं. गर्दीनं तिला वाट करून दिली. तिनं गाठोडं खाली ठेवलं, हात जोडले, डोळे मिटले. मग डोळे उघडून वर बघितलं.

ती बघतच राहिली. जवळ गेली. हार बोटानं बाजूला केला.

"ह्यो फोटो कुनाचा रं, सोपाना?"

"आईचा, मावशी," तो म्हणाला. "सापडला. बारा-तेरा वर्सं शोदत हुतो."

"तुज्या आईचा कसा? ही मी हाय."

हात जोडलेले लोक वळून तिच्याकडं बघू लागले.

सोपान हसला. थकलेल्या माणसासारखा. ठिगळ बघ, म्हणाला. आईचं लुगडं बघ.

"लुगडं तिचंच," दगडाबाई म्हणाली. "माझं फाटून चिंद्या झाल्त्या. तो चित्रवाला आला, मुकादम म्हनला कुनीतरी बसा. बना म्हनली तू बस, माझं लुगडं नेस, चित्रात बरं दिसंल. आडोशाला जाऊन बदललं आमी. ही मीच हाय की रं. माझं तोंड मला कळत न्हाई व्हय?"

मी एकदा चित्राकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. दात, गाल, चोवीस वर्षं बाजूला केली आणि मला धक्काच बसला. डोळे तेच होते. सरळ बघणारे. दहा वर्षांचं पोरगं आईचं तोंड विसरत गेलं आणि रोज समोर असलेलं मावशीचं तरुण तोंड त्या रिकाम्या जागी बसत गेलं. मग मावशी म्हातारी झाली. ते तरुण तोंड तिचं होतं, हेही त्याच्या ध्यानातून गेलं. मुंबईत त्यानं ओळखलं ते खरंच होतं. फक्त माणूस दुसरं होतं.

एकदा, फक्त एकदा त्यानं मावशीला विचारलं असतं.

बायकांत कुजबूज सुरू झाली. जिवंत माणसाला हार घातला होता. पुढं मेणबत्त्या लावल्या होत्या. सगळी गल्ली हात जोडून उभी होती. बौद्धाचार्यांनी पुस्तक मिटलं आणि कोणाकडं बघावं हे त्यांना कळेना. गोरक्ष पुढं झाला, हार काढायला हात वर केला.

दगडाबाईनंच तो काढला. टाचा उंचावून काढला आणि मुक्ताच्या हातात दिला.

"पान्यात घालून ठिव," ती म्हणाली. "लागंलच की लौकर."

कोणीतरी मागं हसलं. मग बरेच हसले. दगडाबाईही हसली. सोपान भिंतीला पाठ लावून खाली बसला. तो हसत नव्हता, रडतही नव्हता. त्याला काय झालंय हे आधी तिच्या ध्यानात आलं. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"मग आई कुठं हुती?" त्यानं विचारलं.

"तुज्यापाशी."

तिनं सांगितलं ते असं. त्या दिवशी सोपानला ऊन लागलं होतं. सकाळीच खडीवर कोसळला. बाभळीखाली बनाबाई त्याला मांडीवर घेऊन बसली. मुकादम चित्राचं विचारायला आला तेव्हा ती म्हणाली, पोराला टाकून मी उठायची न्हाई. म्हणून धाकटी गेली. लुगडी बदलण्यापुरतं घटकाभर त्याला दुसऱ्या एका बाईच्या मांडीवर दिलं आणि बनाबाईनं लगेच परत घेतलं. चित्रकार काढत होता तो सगळा वेळ सोपान आईच्या मांडीवर पडून समोर बघत होता.

म्हणूनच त्याला सगळं दिसलं होतं. ढीग, हात, ठिगळ. ज्या मांडीवरून तो बघत होता तिचं तोंड त्याच्या डोक्यामागं होतं.

लोक जेवून गेले. मीही घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी सोपान माझ्याकडं आला. पत्र लिहायचं होतं. घोटीकरांना. त्यानं सांगितलं आणि मी लिहिलं. एक शब्द मी बदलला नाही.

'तुमच्या चित्रातल्या बाईचं नाव दगडाबाई आहे. ती हयात आहे. पाटीवर नाव घालावं. तुम्ही चित्र काढत होता तेव्हा तुमच्या पाठीमागं बाभूळ होती. बाभळीखाली एक बाई पोरगं मांडीवर घेऊन बसली होती. तिचं नाव बनाबाई. तुम्ही वळून बघितलं असेल. चित्रकाराची नजर पक्की असते. ती कशी होती, ते कळवावं.'

शेवटच्या ओळीवर माझा हात थांबला. तेरा वर्षं तो भिंतीवर टांगलेलं शोधत होता. आता एका म्हाताऱ्या माणसाला एकदा मागं वळून बघितल्याचं आठवावं, एवढंच तो मागत होता. दुसरा कोणी मार्ग नव्हता. दगडाबाईला मी विचारून बघितलं होतं, बनाबाई दिसायला कशी होती. तिनं पुष्कळ विचार केला. "चांगली हुती," म्हणाली. "उंच. आपल्यासारकीच." मग तिला पुढं काही सांगता येईना आणि ती स्वतःवरच चिडली.

उत्तराला तीन आठवडे लागले. मुक्तानं मावशीला ठेवून घेतलं होतं. शेळ्या शेजारणीच्या स्वाधीन होत्या. सोपान आठवडाभर रुळावर असायचा आणि रविवारी पोस्ट नसतं, म्हणून त्यानं मला सांगून ठेवलं होतं की रोज पोस्टमनला विचारत जा. शनिवारी कार्ड मिळालं. तो रुळावरून आला तेव्हा मी त्याच्या ओट्यावरच बसलो होतो. मी आधी वाचलं नव्हतं. तो हातपाय धुऊन आला, मावशी दाराशी आली, आणि मी वाचलं.

'श्री. सोपान यांस, सप्रेम नमस्कार. पाटी बदलायला सांगितली आहे. दगडाबाईंना माझा नमस्कार. त्या दिवशीचं ऊन मला अजून स्पष्ट आठवतं. ते खडीवरून उसळून खालून वर येत होतं, तसं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मी सबंध वेळ त्या उजेडाकडं बघत होतो. मागं बाभूळ होती, हेही तुमच्या पत्रावरून कळलं. मी वळलो नाही. क्षमा असावी. नृ. घोटीकर.'

अक्षर थरथरतं होतं. खोटं लिहिणं त्या माणसाला सोपं होतं. उंच होती, शांत होती, असं काहीही लिहिता आलं असतं. त्यानं लिहिलं नाही.

सोपाननं कार्ड माझ्या हातातून घेतलं. उलट करून मागची बाजू बघितली.

"वळला न्हाई," तो म्हणाला. "म्हंजे तिला कुनीच बघितलं न्हाई त्या दिवशी."

मी दगडाबाईकडं बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सगळे माझ्याकडं बघत हुते," ती म्हणाली. "चित्रवाला, मुकादम, बाया, तू. मी येकटीच समोर बघत बसलेली. हलू नको म्हनल्यालं. अर्धा दिवस मला दुसरं बघायला हुतंच काय? बाभळ आन् बना."

सोपान तिच्याकडं वळला.

"काय करत हुती?"

"पदर वला करून तुज्या टकुऱ्यावर ठिवत हुती. वाळला की परत वला करायची. मधीच मला डोळ्यानं इचारायची, झालं का गं. मी हलू शकत न्हवते. मग आपली हसायची."

"हसायची?"

"व्हय. तू फनफनलेला आन् ही मला हसवायला बघती. तोंड वाकडं करायची, त्या दाढीवाल्याची नक्कल करायची. मी हसले आस्ते तर त्यो चिडला आस्ता. लई वांड हुती तुजी आई."

हे तिनं इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं, आणि गेलेल्या बहिणीबद्दल आपण होऊन बोललं तर पोरगं रडेल, म्हणून तीही गप्प राहिली होती.

आत मुक्तानं दिवा लावला. सोपान मावशीच्या पुढ्यात फरशीवर बसला. कार्ड त्यानं बाजूला ठेवलं होतं.

"नक्कल कशी करायची," तो म्हणाला, "करून दाव."